हॉट प्रेसची खंडेनवमी

हळद लाल झाली, तेव्हा ओंकारनाना फेगड्यांनी सगळ्यांत आधी पायांतले बूट काढले.

पूजेला बूट कशाला, असं कोणी विचारील. आमच्या प्रयोगशाळेत अनवाणी वावरायला बंदी होती. नारखेडे सरांचा नियम होता तो, आणि खंडेनवमीलाही त्यांनी सूट दिली नव्हती. "देवीच्या पायांना काही होत नाही, नाना. तुमच्या पायावर ॲसिड सांडलं तर मला सुट्टीच्या दिवशी डॉक्टर शोधावा लागेल," असं ते म्हणाले होते. त्यावर कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष, साठ एकर केळीचे मालक नाना गुमान बूट घालून पूजेला उभे राहिले होते.

आता ते मोज्यांवर उभे होते आणि हळदीनं माखलेलं बोट समोर रोखून म्हणत होते, "सर! कुंकू उमटलं!"

समोर आमची हॉट प्रेस होती. दोन जाड लोखंडी पाट, खालून विजेवर तापणारे, आणि वरून दाब देणारा जॅक. तिला झेंडूचा हार घातला होता. खालच्या पाटावर नानांनी केळीच्या धाग्याची एक जुडी ठेवली होती. पूजा यंत्राची, तशी मालाचीही व्हावी, हा त्यांचा आग्रह. ओल्या हळदीचं एक बोट त्यांनी यंत्राला लावलं, एक जुडीला. यंत्रावरची हळद पिवळीच राहिली. जुडीवरची आमच्या डोळ्यांदेखत तांबडी होत गेली.

"मी कुंकवाला हातही लावला नाही. हा बघा करंडा, झाकण बंद आहे," नाना म्हणाले. "नवमीच्या दिवशी! आमच्या बांधावरच्या धाग्याला!"

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. हळद कशानं लाल होते ते मला माहीत होतं, ते अकरावीच्या पोरालाही माहीत असतं. अल्कली लागली की होते. कुंकूसुद्धा जुन्या पद्धतीनं तसंच करतात, हळदीला चुना चोळून. म्हणजे नाना म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं, जुडीवर कुंकूच तयार झालं होतं. प्रश्न एवढाच होता की जुडीत अल्कली आली कुठून. कारण आमच्या प्रयोगशाळेत ती नव्हती. असणंच शक्य नव्हतं.

मी सरांकडे पाहिलं. सर छताच्या पंख्याकडे पाहत होते.

*

हे सगळं नीट कळायचं तर डॉ. दिगंबर नारखेडे हे प्रकरण आधी कळायला हवं.

आमच्या तापीकाठी केळीचा घड कापला की उरलेलं खोड बांधावर फेकतात. ते कुजतं, डास होतात, आणि शेतकरी एकमेकांच्या बांधावर ते ढकलत राहतात. त्या खोडातून चांगला लांब, चिवट धागा निघतो. तो प्लॅस्टिकमध्ये घालून दाबला तर मोटारीच्या दाराला आतून लावायची हलकी फळी होऊ शकते. होऊ शकते, म्हणजे होत नाही. कारण धागा म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ. प्लॅस्टिकला पाण्याचा तिटकारा. दोघांना दाबून एकत्र बसवलं तर ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवलेल्या भांडकुदळ भाऊबंदांसारखे बसतात. ताट संपेपर्यंत ठीक, पण जरा वाकवलं की वेगळे.

त्यावरचा सगळ्या जगाचा उपाय म्हणजे धागा कॉस्टिक सोड्यात, म्हणजे जहाल अल्कलीत, भिजवायचा. धागा स्वच्छ होतो, खरखरीत होतो, प्लॅस्टिक त्याला घट्ट धरतं. फक्त ते कॉस्टिकचं पाणी पुढे नाल्यात जातं आणि नाला नदीत. सरांना ते मंजूर नव्हतं. त्या काळात हरित रसायनशास्त्र हा शब्द नवा होता आणि सरांनी तो गुरुमंत्र घ्यावा तसा घेतला होता. धागा साध्या गरम पाण्यात भिजवायचा, मग सायट्रिक ॲसिडात, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वात बुडवायचा, वाळवायचा, तापवायचा. लिंबूसत्त्व सेल्युलोजला चिकटून त्याची पाण्याची खोड मोडणार, ही सरांची श्रद्धा. हो, श्रद्धाच. तसे ते नास्तिक. मंदिरासमोरून जाताना घड्याळ बघायचे. पण कॉस्टिकचा डबा त्यांनी ज्या पद्धतीनं विभागातून बाहेर काढला होता, ती पद्धत मी फक्त भूत उतरवताना पाहिलेली आहे.

आणि मी, लीलाधर वारके, त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. माझ्या पट्ट्या, म्हणजे त्या फळीचे चाचणीसाठी केलेले नमुने, मोडायच्या. रोज मोडायच्या. मुदत संपत आली होती. प्रकल्प पुढे चालला तरच माझी नोंदणी पुढे चालणार होती, आणि प्रकल्प पुढे चालायला पुण्याच्या एका कंपनीनं पैसा लावायला हवा होता. नाहीतर मला मामांच्या वखारीत केळीच्या गाड्या भरून घ्यायला जायचं होतं. मामांनी माझ्यासाठी टेबल, पंखा आणि मुनीमजींच्या शेजारची खुर्ची तयार ठेवली होती. पंख्याचं प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं, मी आल्यावर काढू म्हणून.

मग श्रावणाच्या शेवटी काहीतरी झालं आणि माझ्या पट्ट्या मोडेनाशा झाल्या. एकदम. मी नाचलो. सरांनी पाठ थोपटली, पण जरा हळू थोपटली. अहवाल पुण्याला गेला, नमुने गेले, आणि त्यांच्या इंजिनिअर बोरावके मॅडम खात्री करायला निघाल्या. त्यांना वेळ होता तो नेमका नवमीलाच. नवमीला तर नवमीला, म्हटलं.

*

"सर," मी त्यांच्या कानाशी गेलो, "ही अल्कली आहे."

"हळदीत भेसळ असेल," सर पंख्याला म्हणाले.

"हळद नानांच्या घरची आहे. त्यांच्याच शेतातली."

"मग शेतात भेसळ असेल."

तेवढ्यात दारात बोरावके मॅडम उभ्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे झालेले. नानांनी त्यांना बसूही दिलं नाही.

"या ताई, या! अगदी वेळेवर आल्या. देवीनं साक्षात दर्शन दिलं बघा. चपला काढा."

"चपला काढू नका," सर म्हणाले.

मॅडमनी एक पाऊल आत, एक बाहेर ठेवून दोघांकडे पाहिलं. मग चपला न काढता पुढे आल्या, जुडीवर वाकल्या. पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून त्यांनी धागा चोळला, बोटं एकमेकांवर घासली. कॉस्टिक बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्यांना ते माहीत होतं, कारण त्यांनी लगेच रुमालाला हात पुसले, आणि मग तो रुमालच पिशवीत न ठेवता टेबलावर ठेवला.

"ही जुडी कुठल्या टप्प्यावरची?" त्यांनी मला विचारलं.

"गरम पाण्यातून काढलेली. लिंबूसत्त्वात जायची आहे अजून."

"आणि पाण्यात काय असतं?"

"पाणी," मी म्हणालो.

"तुमच्या अहवालातही तेच लिहिलंय." त्या स्टुलावर बसल्या. "हे बघा वारके, मी चहा घेते तोवर तुम्ही ठरवा. मला वाद घालायचा नाही. आमच्या साहेबांना परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला हिरवा माल हवाय. तुम्ही म्हणालात की हळद खराब होती, तर मी तसं लिहीन आणि तुमचे पैसे मंजूर होतील. साहेब हळद तपासायला येणार नाहीत. पण मला स्वतःला रात्री झोप लागावी म्हणून विचारते, कॉस्टिकशिवाय केलेला एक तरी धागा आहे का तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

सरांनी पंख्यावरून नजर काढली. "कुठाय?"

"बॉटनीत. मागल्या आठवड्यात आपल्या ओव्हनची कॉइल गेली ना, तेव्हा एक जुडी मी त्यांच्याकडे केली. भिजवणं, बुडवणं, वाळवणं, सगळं तिकडेच. तुम्हाला सांगायचं राहिलं."

सरांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. मला वाटलं, आपल्या प्रयोगशाळेचं काम बॉटनीवाल्यांच्या भांड्यात केलं म्हणून राग आला असेल.

मी पळत जाऊन ती जुडी आणली. मॅडमनी ती हातात घेऊन उजेडात धरली.

"छान. ह्याची फळी करा. प्रेस तापवा."

"नाही नाही नाही," नाना मध्ये आले. "आता नाही ताई. पूजलेलं यंत्र आज चालवायचं नसतं. आज ते विसावा घेतं. उद्या दसरा, उद्या करा."

"माझी गाडी आज संध्याकाळची आहे."

"राहा ना हो ताई एक दिवस! घरी पुरणपोळी आहे."

हे एवढं होईपर्यंत मी निश्चिंत होतो. कारण माझ्या बाजूला नारखेडे सर होते. गेल्या वर्षी ग्रहण लागलं म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा पुढे ढकला म्हणणाऱ्या प्राचार्यांना त्यांनी स्टाफरूममध्ये जे काय ऐकवलं होतं, ते अजून तिथल्या भिंतींच्या लक्षात होतं. आता ह्या विसावा घेणाऱ्या यंत्राचं काय होतंय ते ऐकायला मी बाह्या सरसावून उभा राहिलो.

सर घसा खाकरून म्हणाले, "नाना म्हणतात ते बरोबर आहे."

मला वाटलं माझे कान गेले.

"परंपरा असते," सर पुढे म्हणाले. "तिच्यामागे काही विचार असतो. यंत्रालाही विश्रांती लागते."

"बघा!" नाना म्हणाले. "सरसुद्धा म्हणून राहिले!"

देवळासमोर घड्याळ बघणारा माणूस लोखंडाच्या विश्रांतीबद्दल बोलत होता. त्या क्षणी मला जे कळलं, ते हळदीनंही इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी सरांना दंडाला धरून मागच्या बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला, आवाज जाऊ नये म्हणून.

"तुम्ही?"

"हळू बोल."

"तुम्ही टाकलंत? माझ्या पाण्यात?"

"थोडंसं."

"किती थोडंसं?"

"चिमूटभर."

"सर, कॉस्टिक चिमटीनं उचलत नाहीत."

"चमच्यानं रे. मोठ्या." सरांनी नळाखाली हात धरले, जणू अजून लागलेलंच आहे. "तू यायच्या आधी येत होतो सकाळी. डबा घरी ठेवला होता. बायकोला सांगितलं, मोरी तुंबते."

"का पण?"

"तुझे मामा आले होते माझ्याकडे. पेढे घेऊन. म्हणाले, सर, तुमचं झालं असेल तर पोरगं मोकळं करा, पंखा तसाच पडलाय." ते थांबले. "रोज तुझी मोडलेली पट्टी कचऱ्याच्या डब्यात दिसायची. तू त्या तुकड्यांवर तारीख घालून टाकायचास. फेकायच्या तुकड्यांवर तारीख कोण घालतं, लीलाधर? मला बघवेना."

"तुमचा नियम होता."

"होता ना."

"मग अजून आहे की नाही?"

सरांनी नळ बंद केला. "ते बॉटनीतलं नको लावू," ते म्हणाले, "ते मोडेल. मॅडम स्वतः म्हणतायत, हळद खराब होती म्हणा. म्हण. तुझी पीएच.डी. होईल. मग पुढं आपण खरंच करून दाखवू, सावकाश."

मी परत आलो. मॅडमचा चहा संपला होता. नाना मोज्यांवर उभे राहून जुडीवरून ओवाळत होते. मला आठवतं ते इतकंच, की मला त्या वेळी मामांचा पंखा दिसला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. चांगला पंखा होता. मी पुढे झालो, प्रेसच्या गळ्यातला हार काढला आणि तो नानांच्या हातात दिला.

"अरे, अरे! काय करून राहिला तू?"

"तिला उठवतोय, नाना," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

*

प्रेस तापेपर्यंत नानांनी हार छातीशी धरला होता. सर खिडकीशी. धागा पसरणं, वर प्लॅस्टिकचा थर, पुन्हा धागा, पुन्हा थर, मग दाब. थंड झाल्यावर मी फळी बाहेर काढली. दिसायला देखणी होती, सोनेरी, कडेला एक झेंडूची पाकळी चिकटलेली. बोरावके मॅडमनी ती दोन्ही हातांत धरली आणि वाकवली.

भाजलेला पापड मोडतो, तसा आवाज झाला.

मॅडमनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले, पुन्हा वेगळे केले. तुटलेल्या कडेतून धागे स्वच्छ सुटून बाहेर आले होते. प्लॅस्टिकचा एक कणही त्यांना लागलेला नव्हता.

"तुमच्या अहवालाशी जुळणारा हा पहिलाच नमुना," त्या म्हणाल्या. त्यांनी तुकडे पिशवीत टाकले. "मंजूर नाही करता येणार, वारके. चिकटलं की फोन करा. खरंच करा." दाराशी त्या वळल्या. "आणि नाना, ती पुरणपोळी बांधून मिळेल का?"

नानांनी ड्रायव्हरला हाक मारून पुरणपोळी बांधून द्यायला सांगितलं. पाहुण्याला ते कधी नाही म्हणाले नाहीत. पण मॅडमची पाठ वळताच त्यांनी दार लोटलं.

"झालं समाधान? सांगत होतो मी! पूजलेलं यंत्र चालवलं. देवीला झोपेतून उठवलं. मोडेल नाही तर काय होईल?" त्यांनी हार माझ्यासमोर धरला. "शास्त्राचा काय दोष आहे त्यात? धाग्याचा काय दोष आहे? माझ्या बांधावरचा धागा! पाप आपलं, आणि कंपनी चालली आपल्या धाग्याला नावं ठेवून!"

सर खिडकीपासून निघून नानांसमोर येऊन उभे राहिले. ताठ. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच ताठ पाहिलं.

"नाना, देवीचा काही संबंध नाही. धागा चिकटला नाही कारण आमची पद्धत अजून कच्ची आहे. आणि ती हळद लाल झाली ती माझ्यामुळे. पाण्यात कॉस्टिक सोडा मी टाकत होतो. चोरून. ह्या पोरालाही माहीत नव्हतं. प्रकल्प बंद करायचा तर करा, पण कारण खरं लिहा."

मी डोळे मिटले. मामांचा पंखा फिरायला लागला.

नाना मग अगदी हळू, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "कॉस्टिक तुम्ही टाकलं?"

"हो."

"कोणाला कळलं नव्हतं?"

"नाही."

"आणि नवमीच्या दिवशी, माझ्या एका बोटानं, सगळ्यांसमोर ते उघडं पडलं?"

"ते रसायनशास्त्र आहे, नाना. हळदीतला जो घटक..."

"मग देवीनं आणखी काय करायचं, सर?" नाना म्हणाले. "येऊन तुमच्या कानफटात मारायची?"

सर पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. तीस वर्षं त्यांनी शिकवलं होतं, वादात कोणाला हार गेले नव्हते. 

"वर्षभर प्रकल्प संस्था चालवेल," नाना म्हणाले. "कंपनी गेली खड्ड्यात. धागा आपला, पोरगं आपलं. पण एक अट आहे. यंत्राची माफी मागायची. ह्यानं नाही, हा लहान आहे. तुम्ही मागायची. बूट काढून."

त्या वर्षभरात काय झालं ते माझ्या प्रबंधात आहे. प्रबंध कोणी वाचत नाही, म्हणून सांगून टाकतो: चिकटलं. मोटारीच्या दाराएवढं नाही, पण शाळेच्या बाकाची फळी होईल इतकं. मी पुढे त्याच विभागात नोकरीला लागलो आणि मामांनी तो पंखा विकला. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी माझ्यासमोर फक्त डॉ. दिगंबर नारखेडे होते आणि त्यांचे बूट.

मी म्हणणार होतो, सर, नका. राहू द्या. जाईन मी वखारीत. पण ते वाकले होते. नाडी सोडायला त्यांना वेळ लागला, कारण ते नेहमी दुहेरी गाठ मारत. एक बूट काढला, दुसरा काढला. मोजेही काढले, कोणी सांगितलं नसताना. मग अनवाणी प्रेससमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले.

नानांनी आपली टोपी नीट केली. सरांचे ओठ हलायला लागले. एका लयीत, मान किंचित डोलावत, अगदी सवयीचं असावं तसं पुटपुटत होते. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सरांच्या शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू येत होतं.

"...धागा ओला होता गाढवा, बॉटनीची भट्टी पानं वाळवायची, ती कधी शंभरावर जाते का, ओल राहिली की लिंबूसत्त्व धरत नाही, तापवला पण कमीच, सोमवारी सकाळी ये, आधी धागा वजन करून वाळवायचा, पुन्हा वजन, पुन्हा वाळवायचा, वजन घटायचं थांबेपर्यंत, आणि मग तापवायचा, कळलं का, हूं म्हण..."

"हूं," मी म्हणालो.

"सर," नानांनी भारावलेल्या आवाजात विचारलं, "कोणतं स्तोत्र हे?"

सरांनी डोळे न उघडता नमस्कार पुरा केला. "आमच्या विभागातलं आहे," ते म्हणाले. "पाठ व्हायला फार वेळ लागतो."